काही न विचारता शेजारी बसणारं कुणीतरी

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की आमचा गुंड्या, म्हणजे आमचा नऊ वर्षांचा लॅब्रेडोर, दर आठवड्याला माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये पेशंटना भेटायला येतो. चारच ओळी होत्या आणि विषय भलताच होता, पण पत्रं आली ती सगळी गुंड्याला. ताई तुम्ही कशा आहात असं एकानेही विचारलेलं नाही. असो. तर हे पान थेरपी अ‍ॅनिमल्सचं. मी डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट पण नाही, सहा वर्षं पट्ट्याचं दुसरं टोक धरून चालणारी बाई आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितेय.

प्रश्न : ताई, माझी आई वृद्धाश्रमात असते, डिमेन्शिया आहे, मला ओळखत नाही आणि गेल्या वर्षभरात एक सलग वाक्य बोललेली नाही. मागच्या महिन्यात तिथे एक बाई कुत्रा घेऊन आल्या आणि आई त्याच्या कानामागे खाजवत चक्क म्हणाली, "दमलास का रे, बस इथे." मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंद झालाच, पण खरं सांगू का, रागही आला. माझ्याशी नाही बोलत आणि त्या कुत्र्याशी बोलते! असं का होतं? मी इतकी वाईट आहे का?

नाही हो. आधी त्या रागाचं बोलू, कारण तो जवळजवळ प्रत्येक घरातल्या माणसाला येतो, फक्त बोलून कुणी दाखवत नाही. गुंड्याजवळ आजोबा एकदम खुलतात आणि मागे उभा असलेला मुलगा हसतो, पण ते हसू कसंनुसं असतं, हे मी किती वेळा बघितलंय.

आता एक करा, आपण भेटायला जातो तेव्हा काय बोलतो ते आठवून बघा. आई मी कोण सांग बरं, जेवलीस का, औषध घेतलंस का, काल कोण आलं होतं. आपल्याला वाटतं आपण विचारपूस करतोय, पण जिच्या हातातून नावं निसटून चाललीयेत तिच्यासाठी ती तोंडी परीक्षा असते आणि ती दर वेळी नापास होते आणि नापास झाल्याचं तिला आपल्या पडलेल्या चेहऱ्यावरून कळतं. कुत्रा काही विचारत नाही. त्याला तिचं नाव माहीत नाही, ती त्याचं नाव विसरली तरी त्याला चालतं, तो येतो आणि मांडीवर डोकं टेकतो, झालं. आणि तुमच्या आईचं वाक्य परत वाचा ना. वर्षभर सगळे तिची काळजी घेतायत, भरवतायत, कपडे बदलतायत, कूस बदलतायत, आणि तिच्याकडून कुणाला काहीच नको आहे. त्या एका मिनिटात ती दुसऱ्या कुणाची तरी काळजी करत होती. "दमलास का रे, बस इथे" हे तुमच्या लहानपणी तुम्ही शंभर वेळा ऐकलं असणार, हो ना?

हे काही आजचं फॅड नाहीये. इंग्लंडमध्ये यॉर्कला विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली मानसिक रुग्णांसाठी 'रिट्रीट' सुरू केलं, ज्या काळात अशा माणसांना साखळदंडाने बांधून ठेवायचे त्या काळात तिथल्या अंगणांमध्ये ससे, कोंबड्या, सीगल आणि चक्क ससाणे असायचे आणि रुग्ण त्यांच्यात रमायचे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० च्या सुमारास लिहून ठेवलंय की दीर्घ आजारी माणसाला एखादा छोटा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत असते, आणि बाईंनी स्वतः अथेना नावाचं पिंगळ्याच्या जातीचं छोटं घुबड पाळलेलं होतं.

पण तुमच्या प्रश्नाच्या जवळची गोष्ट बोरिस लेविन्सन यांची आहे. न्यूयॉर्कमधले हे बालमानसशास्त्रज्ञ. कुणाशीही न बोलणारा एक मुलगा आईवडिलांबरोबर ठरल्या वेळेच्या आधीच येऊन थडकला आणि लेविन्सनचा कुत्रा जिंगल्स तेव्हा खोलीतच होता, तो धावत गेला आणि पोराला चाटायलाच लागला. पोरगं घाबरायचं सोडून त्याला बिलगलं. पुढे कितीतरी दिवस तो मुलगा यायचा, जिंगल्सशी खेळायचा, डॉक्टर आपले बाजूला बसलेले, आणि मग हळूहळू त्या खेळात डॉक्टरांनाही घेतलं गेलं. १९६१ साली लेविन्सननी हे इतर मानसशास्त्रज्ञांसमोर सांगितलं तर लोक हसले, एकाने म्हणे विचारलं, फीमधले किती टक्के कुत्र्याला देता? तरी पठ्ठ्याने १९६२ साली लेख छापला आणि आज या विषयावर कुणीही काहीही लिहिलं तरी सुरुवात तिथूनच होते.

तर तुम्ही लेविन्सन व्हा. पुढच्या वेळी कुत्रा येईल तेव्हा तुम्ही पण तिथे बसा, आईशी बोलायचंच नाही, कुत्र्याशी बोला. त्याच्या पाठीवर आईचा हात असेल तिथेच बाजूला तुमचाही ठेवा. ती काही बोलेल अशी आशा मात्र ठेवू नका, कारण एखाद्या वेळी बोलेल आणि चार वेळा नाही बोलणार, कुत्र्याने डिमेन्शिया बरा होत नाही. आणि "तिला उद्या आठवणार पण नाही, मग काय उपयोग" असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच, त्यांना सांगा की आयोवा विद्यापीठात २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना आनंदाची आणि दुःखाची दृश्यं दाखवून बघितलं, थोड्या वेळाने काय बघितलं ते त्यांना आठवत नव्हतं पण आलेला आनंद किंवा उदासी मात्र टिकून होती. प्रसंग पुसला गेला तरी बरं वाटलेलं काही वेळ तसंच राहतं.

प्रश्न : मी इंजिनिअर माणूस. हे सगळं गोड गोड आहे पण पुरावा काय? कुत्रा बघितला की लोक खूश होतात यात थेरपी कसली? उद्या आइस्क्रीम थेरपी काढाल.

काका, आइस्क्रीम थेरपीची मी आधीपासूनच पेशंट आहे.

पण प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्या बाजूचं मीच आधी सांगून टाकते. या विषयातले पुष्कळ अभ्यास छोटे असतात, वीस-तीस माणसांचे, आणि कुत्रा आलाय हे पेशंटला दिसतंच, त्यामुळे गोळीच्या ट्रायलमध्ये जशी खोटी गोळी देतात तसा खोटा कुत्रा देता येत नाही. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ पेशंटांचा अभ्यास छापला, घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ जण गेले आणि प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११ गेले. केवढा गाजला तो अभ्यास! पण नंतरच्या प्रत्येकच अभ्यासात इतका फरक दिसला असं नाही, आणि मुळात ज्यांची तब्येत जरा बरी असते तेच प्राणी पाळू शकतात हेही आहेच. त्यामुळे कुत्रा पाळा आणि हार्ट अ‍ॅटॅक टाळा असं कुणी म्हणालं तर मी पण तुमच्याच बाजूला येऊन उभी राहीन.

आता दुसरी बाजू. २०१९ साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २४९ विद्यार्थ्यांचे चार गट केले. एका गटाने दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, दुसऱ्याने रांगेत उभं राहून नुसतं बघितलं, तिसऱ्याला त्याच प्राण्यांचे फोटो दाखवले, चौथ्याला सांगितलं तुम्ही थांबा, तुमचा नंबर नंतर. मग लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, ते म्हणजे टेन्शनमध्ये वाढणारं हार्मोन, आणि ज्यांनी हात लावला होता त्यांच्यात ते इतर गटांपेक्षा कमी निघालं. फोटो बघून भागलं नाही हे लक्षात घ्या. जपानमधला २०१५ चा एक अभ्यास तर मला फारच आवडतो, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत बसले की दोघांचंही ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळीक वाटली की वाढणारं हार्मोन, वाढतं, आई आणि बाळाच्या बाबतीत जे होतं तेच. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांवर पण हे करून बघितलं, तिथे नाही झालं. लांडगा तुमच्याकडे बघेल पण तुमच्यात बघणार नाही, असं माझं आपलं वाक्य.

आणि कुत्र्याला आपलं टेन्शन कळतं का, तर वास येतो त्याला. बेलफास्टमध्ये २०२२ साली माणसांना अवघड गणितं घालून आधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास कुत्र्यांना हुंगायला दिले, त्यांनी ताणाचा नमुना ९४ टक्क्यांच्या आसपास वेळा बरोबर ओळखला. तुम्ही "मी मस्त आहे" म्हणत वॉर्डात हसत बसलेले असता आणि पायाशी बसलेल्याला खरं काय ते माहीत असतं.

एक मात्र तुमचं मान्य. थेरपी हा शब्द फार सैल वापरला जातो. फिजिओथेरपिस्ट किंवा सायकॉलॉजिस्ट जेव्हा ठरवून, उद्दिष्ट लिहून, प्रगती मोजत प्राण्याचा उपयोग करतो ती थेरपी. मी आणि गुंड्या करतो ती भेट. त्याला थेरपी म्हणतात कारण म्हणायला बरं वाटतं.

प्रश्न : थेरपी डॉग, सर्व्हिस डॉग आणि इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल यात फरक काय? सगळे सारखेच वापरतात हे शब्द.

थोडक्यात सांगते. सर्व्हिस डॉग एकाच माणसासाठी शिकवलेला असतो, त्याच्या अपंगत्वाशी जोडलेलं नेमकं काम करतो, रस्ता दाखवणं, फिट येताना सावध करणं, पडलेली वस्तू उचलून देणं. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ साली अशी पहिली शाळा निघाली. तो ड्यूटीवर असताना त्याला हात लावायचा नसतो, कितीही गोड असला तरी! थेरपी डॉग याच्या बरोबर उलट, त्याचं कामच अनोळखी माणसांकडून लाड करून घेणं. आणि इमोशनल सपोर्टवाला म्हणजे आपल्या घरचा, ज्याच्या असण्याने आपल्याला धीर येतो, त्याला खास ट्रेनिंग लागत नाही. गोंधळ तिसऱ्या नावाने झालाय. २०१८ साली अमेरिकेत एक बाई मोर घेऊन विमानात बसायला निघाल्या होत्या, तोही इमोशनल सपोर्ट! असल्या प्रकारांनी शेवटी तिथल्या सरकारने २०२० च्या डिसेंबरमध्ये नियमच बदलला आणि अशा प्राण्यांना सर्व्हिस डॉगसारखं मानायचं बंधन विमान कंपन्यांवरून काढून टाकलं. यात नुकसान कुणाचं झालं तर ज्यांना खरंच गरज होती त्यांचं.

प्रश्न : आमचा ब्रूनो १४ महिन्यांचा गोल्डन रिट्रीव्हर, इतका प्रेमळ आहे की दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारतो, सगळ्यांना चाटतो. सगळे म्हणतात याला थेरपी डॉग करा. कसं करू? लवकर सांगा ताई, मी खूप एक्सायटेड आहे.

तू आणि ब्रूनो दोघेही एक्सायटेड आहात हाच तर प्रॉब्लेम आहे रे.

प्रेमळ असणं म्हणजे थेरपीला योग्य असणं नाही. सलाइन लावलेल्या आजींच्या अंगावर तीस किलोचं प्रेम उडी मारून आलं तर काय होईल विचार कर. हवा असतो शांत कुत्रा, स्टीलचं भांडं धाडकन पडलं तर दचकेल पण दोन सेकंदात सावरेल असा, व्हीलचेअर, वॉकर, कुणाचं ओरडणं, कुणी वेडंवाकडं मुठीत धरून केस ओढणं हे सगळं सोसून तरीही माणसाजवळ जावंसं ज्याला वाटतं तो. या "वाटतं" शब्दाला महत्त्व आहे. पुष्कळ कुत्रे सोसतात, पण त्यांना आवडत नसतं, आणि सोसणारा कुत्रा आणि आवडणारा कुत्रा लांबून अगदी सारखे दिसतात.

अमेरिकेत पेट पार्टनर्स नावाची १९७७ पासूनची संस्था आहे, त्यांच्याकडे नऊ प्रकारच्या प्राण्यांची नोंदणी होते, कुत्रा, मांजर, घोडा, ससा, गिनी पिग, पक्षी, छोटं डुक्कर, लामा-अल्पाका आणि उंदराचा मोठा भाऊ, म्हणजे पाळीव रॅट. त्यांचे नियम वाचून ठेव, तुझ्या जवळपास कुठली संस्था असेल तिचे पण साधारण असेच असतील. कुत्रा कमीत कमी एक वर्षाचा हवा, किमान सहा महिने तुझ्याजवळ राहिलेला हवा, कच्चं मांस खाणारा नको कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू पेशंटपर्यंत पोचू शकतात, आणि दिवसात दोन तासांच्या वर काम नाही. लसी, जंताचं औषध, नखं, आंघोळ हे तर आलंच. आणि परीक्षा दोघांची असते, कुत्र्याची आणि तुझी. माझ्या बघण्यात नापास होतो तो बहुतेक वेळा माणूस, कारण तो कुत्र्याकडे बघतच नाही, समोरच्या माणसांच्या कौतुकाकडे बघत असतो.

मी पण तेच केलंय म्हणून सांगते. या कामातलं गुंड्याचं दुसरं वर्ष होतं. एका हॉस्पिटलमध्ये मुलांच्या वॉर्डात आम्ही गेलो, तास संपला, पण पलीकडच्या खोलीतली पोरं हाका मारायला लागली, नर्सबाई म्हणाल्या दहाच मिनिटं, मला पण नाही म्हणवेना, आणि दहाची चाळीस मिनिटं कधी झाली कळलंच नाही. गुंड्या जांभया देत होता, मी सगळ्यांना हसून सांगत होते बघा किती निवांत झालाय, झोप आली वाटतं त्याला. झोप कसली! ओठ चाटत होता, तोंड फिरवत होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, ओला नसताना अंग झाडत होता, आणि दोनदा दरवाज्याकडे जाऊन माझ्याकडे बघून आला. कुत्र्याच्या भाषेत यापेक्षा मोठ्याने "बास" म्हणता येत नाही, आणि मी फोटोला पोज देत होते. पुढच्या आठवड्यात मी पट्टा हातात घेतला तर हा पलंगाखाली. ज्याला पट्टा वाजला की घरभर नाचायची सवय तो पलंगाखालून नाकसुद्धा बाहेर काढेना. मी जमिनीवर बसून राहिले. त्याला ओढून नेणं सोपं होतं. नाही नेलं, दोन महिने कुठेच नाही गेलो. नंतर परत सुरू केलं ते वीस मिनिटांपासून आणि एक नियम करून, की पेशंटच्या पलंगापाशी गेल्यावर मी पट्टा सैल सोडते, तो पुढे गेला तर भेट, मागे सरकला तर "आज त्याचा मूड नाही हो" म्हणून पुढे. कुणीही आजवर वाईट मानलेलं नाही. उलट एका आजोबांनी मला सांगितलं की या वॉर्डात नको म्हणता येणारा हा एकटाच आहे, त्याचा मान ठेवा.

तर ब्रूनो अजून पोर आहे. वर्ष-दीड वर्ष थांब, बस म्हटल्यावर बसणं, समोर खाऊ पडला तरी न उचलणं आणि चारही पाय जमिनीवर ठेवून हॅलो करणं एवढं शिकव. आणि नाहीच झाला थेरपी डॉग तर तुझा तर आहेच.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे, कुत्र्याला प्रचंड घाबरतो. सगळे म्हणतात अ‍ॅनिमल थेरपी कर. कुत्र्याशिवाय काही असतं का? डॉल्फिन थेरपीबद्दल पण ऐकलंय.

असतं ना. आणि भीती घालवायला म्हणून कुत्र्यासमोर ढकलू नका त्याला, प्लीज.

ऑस्ट्रेलियात शाळांमध्ये झालेला गिनी पिगचा अभ्यास आहे, २०१३ मध्ये छापला गेलेला. तीन-तीन मुलांचे ३३ गट, प्रत्येक गटात एक ऑटिस्टिक मूल आणि दोन इतर, काही वेळ खेळण्यांबरोबर आणि काही वेळ दोन गिनी पिगबरोबर. गिनी पिग असताना ऑटिस्टिक मुलं जास्त बोलली, समोरच्याच्या चेहऱ्याकडे जास्त वेळा बघितलं, हसली जास्त आणि रडणं-कुरकुरणं कमी झालं. मला यात आवडलं काय, तर ती नुसती गिनी पिगशी नाही, आजूबाजूच्या माणसांशी जास्त बोलली. मध्ये काहीतरी बघायला असलं की बोलणं सोपं जातं, आपण मोठी माणसं नाही का समोरासमोर बसून अवघडतो आणि गाडीत शेजारी बसलो की मनातलं बोलून जातो.

दुसरा घोडा. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळत हलते, जवळजवळ माणूस स्वतः चालताना हलते तशीच, म्हणून तोल, पाठ, स्नायू यासाठी फिजिओथेरपीत त्याचा वापर करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं नाव यात नेहमी निघतं. १९४४ साली गरोदर असताना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे, घोड्यावर चढा-उतरायला सुद्धा माणूस लागायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये पुरुषांबरोबर खेळून ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या घोडेस्वारीच्या प्रकारात, रौप्यपदक. पोडियमवर जायला त्यांना मदत केली ती सुवर्णपदक जिंकलेल्या खेळाडूने. मुलासाठी बघताना मात्र शिकलेला थेरपिस्ट, हेल्मेट आणि बाजूने चालणारी माणसं आहेत ना हे बघा, आणि आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा.

डॉल्फिन नको. महागडं असतं, त्याच्या फायद्याचा भरवशाचा पुरावा नाही हे त्यातल्या अभ्यासांची छाननी केलेल्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट लिहिलंय, आणि तो समुद्रात मैलोन् मैल पोहणारा प्राणी, त्याला टाकीत कोंडून आपल्या पोराला बरं वाटायला लावायचं हे मला पटत नाही.

प्रश्न : मांजरांवर हा अन्याय का? सगळीकडे कुत्रेच.

कारण मांजराला घर सोडून कुठे जायचं नसतं, दुसऱ्यांच्या तर मुळीच नाही. पण जी मांजरं तिथेच राहतात त्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ऑस्कर नावाचा बोका होता, एरवी फारसा माणसाळू नव्हता, पण ज्या पेशंटचा शेवट जवळ आलाय त्याच्या पलंगावर जाऊन अंगाला लागून बसायचा आणि शेवटपर्यंत बसून राहायचा. २००७ साली तिथल्या डॉक्टरांनी वैद्यकातल्या अतिशय नावाजलेल्या नियतकालिकात त्याच्यावर लिहिलं, तोवर पंचवीसेक जणांच्या बाबतीत असं झालेलं. वासाने कळत असेल, शांत पडलेल्या माणसाची ऊब आवडत असेल, काय ते ऑस्करलाच माहीत. नातेवाइकांना मात्र आपलं माणूस एकटं गेलं नाही याचं समाधान होतं.

आणि मांजराशी ओळख करायची असेल तर तिच्याकडे बघून डोळे सावकाश मिटा आणि उघडा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलंय की असं केलं की मांजर पण तसंच करते आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ यायची शक्यता वाढते. आमच्या शेजारच्या मनीवर मी तीन आठवडे करतेय. ती अजून विचार करतेय.

प्रश्न : मला प्राण्यांच्या केसांची जबरदस्त अ‍ॅलर्जी आहे. मग आम्ही काय करायचं?

जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचं रोबो सीलचं पिल्लू बनवलंय, पांढरं, मऊ, कुरवाळलं की डोळे मिटून आवाज करतं. १९९३ पासून त्यावर काम चाललेलं, आणि २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. जिथे खरा प्राणी नेता येत नाही तिथे उपयोगी पडतं. मी एकदा हातात घेतलं होतं, दोन मिनिटं हसले आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्याशी बोलत होते.

प्रश्न : ताई, माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी गेली. शेवटचे तीन आठवडे ती पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांना आराम देणाऱ्या वॉर्डात होती, तिथे एक काळी कुत्री यायची. हिला बोलता येत नव्हतं, पण ती कुत्री आली की हात उचलून तिच्या मानेखाली छातीवर ठेवायची आणि तसाच ठेवून झोपायची. ज्या ताई तिला घेऊन यायच्या त्या काही घेत नाहीत, आभार पण मानू देत नाहीत. मला त्या कुत्रीसाठी काहीतरी करायचं आहे. मूर्खपणाचं वाटेल, पण कुत्रीला धन्यवाद कसं म्हणतात?

मूर्खपणाचं मुळीच नाही. मी तुमचं पत्र चार वेळा वाचलं.

आधी त्या ताईंबद्दल. त्यांना एक पत्र लिहा, लांब लिहा, जे मला लिहिलंत ते सगळं, हात उचलून ठेवायची तेही. कारण आम्हाला पुढचं कधी कळत नाही. पुढच्या आठवड्यात जातो तेव्हा पलंगावर दुसरंच कुणीतरी असतं किंवा नुसती कोरी चादर असते, आणि आम्ही विचारायचं नसतं, सांगायची परवानगी नर्सना नसते. सहा वर्षांत मला अशी तीन पत्रं आलीयेत, तिन्ही कपाटात आहेत. ज्या दिवशी वाटतं की आज नको जायला, पाऊस आहे, पाठ दुखतेय, नुसतं कुत्रं फिरवून काय होणार, त्या दिवशी मी ती बाहेर काढते.

आता कुत्रीचं. खाऊ नेऊ नका, किंवा न्यायचाच तर आधी विचारून, कारण अशा कुत्र्यांना अनोळखी माणसाच्या हातून खायची सवय मुद्दाम लावलेली नसते, बऱ्याच जणांची पथ्यं पण असतात. नवीन पट्टा, खेळणी, हार-तुरे काही नको. त्या ताईंना विचारून एखाद्या दिवशी ड्यूटी नसताना भेटा तिला, मोकळ्या जागेत. वाकून अंगावर येऊ नका, बाजूला जमिनीवर बसा, खुर्चीवर बसलात तरी चालेल, आणि तिला येऊ द्या. आली नाही तर तेही ठीक, तिचा सुट्टीचा दिवस आहे.

आणि आली तर डोक्यावर थोपटू नका. बहुतेक लोक तेच करतात आणि पुष्कळ कुत्र्यांना ते आवडत नाही, वरून हात आला की ते मान खाली घेतात, आपण म्हणतो किती लाजतोय. गुंड्या नऊ वर्षं थोपटून घेतोय आणि नऊ वर्षं डोळे बारीक करतोय. त्यापेक्षा खालून, मानेच्या खाली, छातीवर, सावकाश. तुमच्या मिसेसना जागा बरोबर सापडली होती.